डन्स गावचा विद्वान

कारखान्याचा भोंगा बंद झाला आणि आमच्या घरातली वेळच हरवली. देवासच्या इंडस्ट्रियल एरियामागच्या आमच्या वस्तीत घड्याळाकडे कुणी बघत नसे. सकाळचा भोंगा झाला की आई तव्यावरची शेवटची पोळी उतरवायची, संध्याकाळचा झाला की गल्लीच्या तोंडाशी सायकलींच्या घंट्या वाजायच्या. मग एका दिवाळीच्या तोंडावर गेटला कुलूप लागलं. बाबा नगर जिल्ह्यातून इथं फिटर म्हणून आलेले. कुलूप लागल्यावरही कितीतरी दिवस ते डबा घेऊन गेटापर्यंत जायचे, तिथं इतरांशी बोलून परत यायचे आणि तोच डबा घरी बसून खायचे. आई म्हणायची, "अहो, मग डब्यात कशाला भरायचं? ताटातच वाढते." बाबा म्हणायचे, "राहू दे. सवय आहे."

पुढं त्यांना मंडीजवळच्या एका गोदामावर चौकीदारी मिळाली. दिवसभर खुर्चीवर बसायचं. मशीनपुढं उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला बसणं ही शिक्षाच होती. आई शेवेच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. माळव्यात शेव म्हणजे लवंगेची, लसणाची, चांगली झणझणीत. दिवसभर ती पुड्यांत भरून आईच्या बोटांत तिखट मुरलेलं असायचं. हात कितीही धुतले तरी जायचं नाही. सकाळी ती माझी वेणी घालायला बसली की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. शेजारच्या बायकांना वाटायचं, पोरगी रोज सकाळी रडते.

आता आम्ही धारला असतो. बाबांना नंतर पीथमपूरला काम मिळालं म्हणून इकडं आलो आणि इथलेच झालो. मार्च लागला की मुंज तलावाच्या काठानं पोरंपोरी गाइड हातात घेऊन ओठ हलवत फिरताना दिसतात. डोंगराच्या बाजूला खाखरा फुललेला असतो, म्हणजे तुमचा पळस. बदनावरकडून येणाऱ्या ट्रॉल्यांना नव्या लसणाचा वास असतो. मनावरकडच्या बायका गणगौरीचं गाणं म्हणत बसमधून उतरतात. सगळीकडं काहीतरी पिकलेलं, कापलेलं, घरी चाललेलं असतं आणि परीक्षेची पोरं तेवढी कच्ची, उन्हात उभी. त्यांच्याकडं बघताना मला एक शब्द आठवतो. वजनाला हलका, उच्चाराला सोपा, आणि चांगलाच टोचणारा. डन्स.

तो मला इंग्रजीच्या व्यास मॅडमनी दिला.

त्या वर्षी मी दुसऱ्यांदा बारावीला बसले होते. आदल्या वर्षी बाकी विषय निघाले, इंग्रजी राहिलं. सप्लीमेंट्रीतही राहिलं. आमच्या हिंदी शाळेत इंग्रजी शिकायची पद्धतच वेगळी होती. शिकायचं नाही, पाठ करायचं. गाइडमधला निबंध पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत घोकायचा आणि पेपरात ओतून मोकळं व्हायचं. छमाहीला, म्हणजे सहामाहीला, 'माझे वडील' हा निबंध आला. मी खूश. पानभर खळखळ लिहून आले.

मॅडमनी तो वर्गात मोठ्यांदा वाचला. मग मला उभं केलं.

"क्यों वैशाली, पापा डॉक्टर कब बने? और कानपुर कब चले गए?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मैडम, इसके पापा तो गोदाम पे बैठते हैं!" वर्ग हसला. खरं सांगते, आपण काय लिहिलंय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझे बाबा डॉक्टर, कानपूरला बंगला, रोगी त्यांना देव मानतात. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"तुम तो पूरी डन्स हो," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही. आज ऊन फार आहे म्हणावं, तशा थकल्या आवाजात. "इंग्लैंड में ऐसे बच्चों को लंबी टोपी पहनाकर कोने में खड़ा करते थे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटावर एक पोरगा वहीच्या कागदाची निमुळती टोपी घालून उभा होता. "क्या भिया, रास्ता दो, डन्स आ रही है!" शाळेत माझं नाव वैशाली होतं हे पुढं कुणालाच आठवेना.

घरी मी काही बोलले नाही. पण छमाहीचे मार्क बाबांना कळलेच. जेवताना ते शांतपणे म्हणाले, "या खेपेला इंग्रजी राहिलं तर आईबरोबर लाईनीला उभं राहायचं. सुपरवायझरशी बोलून ठेवलंय." त्यात धमकी नव्हती. ती सोय होती. बाबांनी माझ्यासाठी जी एक जागा शोधता आली ती शोधून ठेवली होती. मी आईच्या बोटांकडं बघितलं आणि घास गिळला.

शाळेतल्या डिक्शनरीत डन्सचा अर्थ होता: मूर्ख, मंदबुद्धी. तेवढा तर टोपीवरूनच कळला होता. मला वेगळंच खुपत होतं. आमच्या वस्तीत बाईला नावानं कुणी हाक मारत नसे, तिच्या माहेरगावानं मारत. समोरची लोहारदावाली, तिच्या पलीकडची मनावरवाली, आणि माझी आई नगरवाली. नाव ऐकलं की बाई कुठून आली ते कळायचं. मग मला चिकटलेलं हे नाव कुठल्या गावाहून आलं, एवढं तरी मला ठाऊक नको? आता सांगताना हसू येतं, पण मी अगदी असाच विचार केला होता. आणि गंमत अशी की तो बरोबर निघाला.

जुन्या गावात, राजवाड्याच्या बाजूला, मराठी लोकांचं एक वाचनालय होतं. तिकडं जायला मी बिचकत होते. देवासात मराठी माणसं दोन जातींची: राजवाड्याची आणि कारखान्याची. त्यांचे पणजोबा घोड्यावरून आले, आमचे बाबा एस्टीतून पत्र्याची ट्रंक घेऊन. त्यांच्याकडं लग्नकार्यात अजून पंगतीला जुन्या वळणाची मराठी वाढतात, आमच्याकडं निम्मी हिंदी आणि चवीला इथली मालवी बोली. वाचनालयाचे सबनीस काका पहिल्यातले. मार्चच्या उन्हातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर.

"कोणाची गं तू, बाळ?"

मी सांगितलं. इंग्रजीचा मोठा शब्दकोश बघायचाय म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आमच्याकडं मराठी पुस्तकं वाचायला कुणी येत नाही आणि तू इंग्रजी मागतेस! मराठी वाचतेस का?"

"अडखळत वाचते."

"आणि इंग्रजीत?"

"नापास."

"मग हिंदी तरी?"

"शाळेतली येते. बोलताना मालवी होते."

"वा! मग नापास नेमकी कुठल्या भाषेत झालीस, ते तरी सांग!" असं म्हणून ते स्वतःच खूप हसले आणि काचेच्या कपाटाची किल्ली काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कोश केवढा जाड, संस्थानच्या वेळचा. दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. घरी न्यायचा नाही, पानाला थुंकी लावायची नाही, एवढेच नियम. कुठला शब्द, ते त्यांनी विचारलं. मी सांगितला. कुणी म्हटलं, ते त्यांनी विचारलं नाही.

डन्सच्या खाली बारीक अक्षरात एक परिच्छेद होता. मला त्यातलं 'द' आणि 'ऑफ' समजलं.

"काका, तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर ते माझं होईल. शिव्या आपल्या आपण समजून घ्याव्या. जो शब्द अडेल तो याच पुस्तकात शोध." आणि ते समोरच्या हॉटेलात चहाला निघून गेले.

त्या परिच्छेदात मी मार्च घालवला, असं म्हटलं तरी चालेल. शाळा सुटली की तिथं. एक शब्द अडला की त्याचं पान. तिथल्या अर्थात दुसरा अडलेला, मग त्याचं पान. मांडवच्या किल्ल्यातल्या बावडीत, पायऱ्यांच्या विहिरीत, उतरतात ना, पायरीमागून पायरी, पाणी कुठं आहे ते दिसत नाही पण गारवा लागायला लागतो, तसं ते होतं. कधी दुपारभरात अर्धी ओळ व्हायची. 'सटल' शब्दाशी मी अडले, कारण मी तो 'सबटल' वाचत होते.

"त्यातला ब म्हणायचा नाही," काका म्हणाले. "तो नुसता बसलेला असतो. आमच्या संस्थानात अशी पुष्कळ माणसं होती. पगार चालू."

अशा गमती ते करायचे. मी पंज्याची पाठ तोंडावर धरून हसायचे, आणि तो शब्द मग कधी विसरायचा नाही.

इकडं घरी आई वेगळ्याच उद्योगात. पेपर जवळ आले तशी ती लोहारदावालीबरोबर टेकडीवर गेली, मलाही नेलं. टेकडीवरची तुळजाभवानी म्हणजे आईच्या माहेरचीच देवी, आई तिच्याशी मराठीत बोलते. तिथं माळव्याची एक रीत आहे. काही मागायचं असेल तर भिंतीवर कुंकवानं उलटा साथिया काढायचा, म्हणजे स्वस्तिक. काम झालं की परत येऊन तो सरळ करायचा. आईला हे सांगितलेलं होतं. पण आमच्याकडं दिवाळीला उंबऱ्यावर काढतात तसं, सवयीच्या हातानं, तिनं छान सरळ, चारी टिंबं भरलेलं स्वस्तिक काढलं आणि हात जोडले.

लोहारदावालीनं कपाळाला हात लावला. "ए नगरवाली, यो कई कर्यो? सीधो तो काम हुई जाय जद बणावे!"

"मग?"

"मग कई! माता समझेगी, छोरी पास हुई गी ने तू धन्यवाद देवा आई!"

आई भिंतीकडं बघत राहिली. लोहारदावाली म्हणाली, पदरानं पूस आणि उलटा काढ. आई म्हणाली, "देवीच्या दारातलं स्वस्तिक पुसू? मी नाही पुसणार. आणि उलटं काढायला माझा हात वळत नाही, बाई."

"तो अब?"

"आता काय? सांगून बसले तिला, पोरगी पास झाली म्हणून. तिला स्वतःला खोटं पडायचं नसेल तर ती बघेल." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "आणि मला खोटं पडू द्यायचं नसेल तर तू बघ."

बाबांना हे कळलं तेव्हा कारखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना पोट धरून हसताना बघितलं. "म्हणजे पेपरच्या आधीच निकाल लावून आलीस? अगं, बोर्डालासुद्धा एवढी घाई नसते!" आई म्हणाली, "हसा. तुमच्या त्या सुपरवायझरला सांगून ठेवण्यापेक्षा माझं बरं."  बाबा पाण्याचा तांब्या उचलून बाहेर जाऊन उभे राहिले. ओसरीवर त्यांच्या उगाच गुळण्या करण्याचा आवाज येत राहिला.

कोशातला तो परिच्छेद रंगपंचमीच्या आसपास पुरता उलगडला. रस्त्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघाली होती, वाचनालयाच्या खिडकीची काच गुलाबी झाली होती आणि काका दार लावून आत बसले होते. मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं.

स्कॉटलंडमध्ये डन्स नावाचं एक गाव आहे. सातशे वर्षांपूर्वी तिथला एक माणूस साधू झाला. पुढं तो शिकला, मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवू लागला. त्याला लोक त्याच्या गावानं ओळखत. आपण लोहारदावाली म्हणतो तसंच, डन्सवाला. त्याची बुद्धी इतकी बारीक की त्याला पदवीच मिळाली, सूक्ष्म विचारांचा आचार्य. तो चाळिशीतच गेला. पण त्याची पुस्तकं पुढं दोनशे वर्षं पोरांना शिकवली गेली. मग काळ पालटला. नवी विद्या आली, नवी पुस्तकं आली. आणि त्याचे जे चेले होते, म्हणजे चेल्यांचे चेले, त्यांनी ती वाचायला नकार दिला. आमच्या गुरूनं सगळं सांगून ठेवलंय, आता नवं काय शिकायचं? नवे लोक त्यांना चिडवू लागले: बघा, हे आले डन्सवाले. चिडवता चिडवता त्या नावाचा अर्थ झाला, ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही असा माणूस. आणि टोपी तर फार मागून आली.

काकांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. बाहेर ढोल वाजत होता. मग म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्याचं नाव बुडवलं ते शत्रूंनी नाही."

"नाही. चेल्यांनी."

"हं," असं म्हणून त्यांनी कपाटातल्या मराठी पुस्तकांच्या रांगांकडं बघितलं. ते काय मोजत होते कोण जाणे.

मी त्या दिवशी गुलाल चुकवत भिंतीच्या कडेकडेनं घरी आले आणि सगळा रस्ता त्या साधूचाच विचार करत होते. किती लांबून आला हा शब्द! एका गावातून निघाला, विद्यापीठांतून फिरला, भांडणात सापडला, मग शाळांच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि फिरत फिरत देवासच्या एका वर्गात माझ्या अंगावर येऊन पडला. व्यास मॅडमना तो कुणी दिला असेल? त्यांनाही कधी कुणी उभं केलं असेलच की. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच कुठंतरी रस्त्यात सांडला. शब्द खरा कुणाला लागतो, तेही कळलं. ज्याला येत नाही त्याला नाही. ज्याला वाटतं आपलं शिकून झालं, त्याला. मला तर काहीच येत नव्हतं, आणि मी रोज त्या टेबलाशी जाऊन बसत होते. मग मी डन्स कशी?

आजही मला हे पटतं. इकडं धारला ऑफिसात एखादा साहेब दहा वर्षांपूर्वीचंच सांगत बसतो, नवं काही विचारलं की चिडतो, तेव्हा मनात म्हणते, हे बघा, डन्सवाले. तोंडावर म्हणत नाही. नोकरी करायची असते. आणि कधी कधी आरशातही बघून घेते.

इंग्रजीचा पेपर सकाळचा होता. हॉलमध्ये पंखा होता पण वीज नव्हती. बाहेर कुठंतरी हार्वेस्टर चालला होता आणि गव्हाचा भुसा उडून खिडकीतून आमच्या बाकांवर बसत होता. आईनं हातावर दही-साखर दिली होती, तिची बोटं तेवढी दूर धरून.

पहिलाच प्रश्न न पाहिलेल्या उताऱ्याचा. दरवर्षी मी तो सोडायचे, कारण तो पाठ करता येत नाही. या वेळी मी वाचायला लागले. मधमाश्यांवर होता. पहिली ओळ कळली. दुसरीत एक शब्द अडला. पूर्वी असा शब्द आला की सगळं पान काळं व्हायचं. त्या दिवशी तसं झालं नाही. मी त्याच्याकडं बघितलं, म्हटलं, तू इथं थांब, तुझ्या मागची पुढची माणसं बघून येते, तोवर तू कोण ते कळेलच. आणि कळलं. पूर्ण कळलं नाही, पण कामापुरतं. माश्या कामाला जात होत्या, पोळ्याकडं परत येत होत्या, एकमेकींना वाट सांगत होत्या, आणि मी हे इंग्रजीत वाचत होते. मध्ये मुद्दाम हिंदी करून बघत नव्हते. मला रडू येईल असं वाटलं, पण वेळ जात होता, म्हणून नंतरसाठी ठेवलं.

निबंधाला तीन विषय होते. त्यातले दोन गाइडमधून पाठ होते. मी तिसरा घेतला, माझं शहर. लहान लहान वाक्यं लिहिली. टेकडी आहे. कारखाने आहेत, काही बंद आहेत. एक वाचनालय आहे, तिथं फार लोक जात नाहीत. चुका झाल्या असतील. पण त्यातलं एकही वाक्य कानपूरचं नव्हतं.

निकालाच्या दिवशी बाबा गोदामावरून सुट्टी घेऊन सायबर कॅफेत गेले. मी दारात, आई आत. ते परत आले ते सायकल हातात धरून, चालत. त्यांच्या तोंडावरून काही कळेना. आई ओरडली, "अहो, बोला की!"

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, खिशातून प्रिंट काढली आणि माझ्या हातात दिली. "तूच वाच," ते म्हणाले. "इंग्रजीत आहे."

मी वाचलं. आईनं टेकडीच्या दिशेला हात जोडले. बाबा म्हणाले, "उद्या सुपरवायझरला सांगतो, पोरगी येणार नाही."

मार्कशीट आणायला शाळेत गेले तेव्हा व्यास मॅडम ऑफिसात होत्या. मार्कशीट उलटून पालटून बघत म्हणाल्या, "अरे, इंग्लिश में इतने? अब आगे क्या लोगी?" त्या साधूची सगळी गोष्ट माझ्या ओठांवर होती. पण त्या खरंच खूश दिसत होत्या, म्हणून ती मी गिळली आणि विचारलं होतं तेवढंच उत्तर दिलं.

"इंग्लिश लिटरेचर, मैडम."

तेच घेतलं. त्या उन्हाळ्यात आम्ही धारला आलो आणि तीन वर्षांनी इथल्याच कॉलेजातून मी बी.ए. झाले. आईच्या माहेरी आणि बाबांच्या घरी, दोन्हीकडं मिळून, पदवी घेतलेली मी पहिली.